पळीभर तेल आणि बोर्डिंगची पंगत

मंडळी, आजचा विषय बोर्डिंग. वसतिगृह हा शब्द सरकारी कागदावरचा आणि छात्रालय हा पाटीवरचा. आमच्या जामनेर-पाचोऱ्याकडे बोलण्यात मात्र 'बोर्डिंग'च. 'पोरगं बोर्डिंगात टाकलं' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजायचं. घरात शिकवायची हौस आहे, गावात पुढची शाळा नाही आणि तालुक्याला हक्काचा नातेवाईक नाही.

बोर्डिंगवर आपल्याकडे जे लिहिलं गेलंय ते बहुतेक आठवणींच्या रूपात. ढेकूण, पातळ वरण, कडक गृहपती, भिंतीवरून उडी मारून बघितलेला सिनेमा, वगैरे वगैरे. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण या सगळ्या गमतीजमतींच्या खाली एक अगदी साधा प्रश्न दबून राहतो असं मला बरेच दिवस वाटतंय. शाळा काढली, मास्तर आणले, फळा टांगला. ठीक. पण बाहेरगावच्या पोरानं जेवायचं कुठे?

माझं म्हणणं असं, की आपल्याकडे कोण शिकलं आणि कोण मागे राहिलं याचा निकाल शाळेच्या दारात जितका लागला, त्याहून जास्त स्वयंपाकघराच्या दारात लागला.

समजा, साल १९२५ आहे आणि जामनेरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजी शिकायला अमळनेरला जायचंय. अमळनेरच का? तर तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल होतं, ज्याला पुढे आपण प्रताप हायस्कूल म्हणून ओळखतो. श्रीमंत प्रतापशेठजींची गिरणी तिथे १९०६ पासून होती आणि १९१६ साली त्यांच्याच आश्रयानं निघालेलं तत्त्वज्ञान मंदिरही तिथेच. म्हणजे त्या काळच्या पूर्व खान्देशात अमळनेर हे विद्येचं ठिकाण.

आता प्रवास बघा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला पाचोरा-जामनेर रेल्वे सुरू झाली होती. आपली 'पीजे'! छप्पन्न किलोमीटरचा अडीच फुटी रूळ आणि वाटेत पहूर, शेंदुर्णी, पिंपळगाव, वरखेडी. तर पोरगं पीजेत बसून पाचोऱ्याला उतरणार. तिथून जीआयपीच्या मोठ्या गाडीनं जळगाव आणि जळगावहून ताप्ती व्हॅली रेल्वेनं अमळनेर. एका जिल्ह्याच्या आत तीन गाड्या, दोन मापांचे रूळ आणि डोक्यावर पत्र्याची ट्रंक. रोज जाऊन-येऊन शिकायचा प्रश्नच नव्हता. तिथे राहायलाच हवं होतं, आणि राहायचं म्हणजे दोन वेळा जेवायला हवं होतं.

जेवायची जुनी व्यवस्था होती. माधुकरी मागायची, नाहीतर वार लावायचे. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, असे सात वार सात घरी. माधुकरी मागून शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण लहानपणी पाठ्यपुस्तकात वाचल्या आणि त्यांच्या कष्टांबद्दल मनात आदरही आहे. पण त्या गोष्टींत एक बाब सहसा लिहिलेली नसते, कारण लिहिणाऱ्याला ती इतकी नेहमीची वाटायची की दिसायचीच नाही. माधुकरीची झोळी ब्राह्मणाच्याच मुलाच्या खांद्यावर असायची. दुसऱ्या जातीचा कितीही हुशार मुलगा झोळी घेऊन पुण्याच्या पेठेत उभा राहिला असता तर त्यात काय पडलं असतं? गरिबी दोघांची सारखी असेल, पण गरिबीतून वर जायची शिडी एकालाच होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, वंजाऱ्याच्या पोराला वार नव्हते. महार-मांगांच्या पोराला तर खानावळीत पैसे देऊनही पान मिळत नव्हतं.

विद्यार्थ्याला गावानं पोसायचं, ही कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. याचा खान्देशातला पुरावा चक्क दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्या पाटणला, एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो लोकांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, इसवी सन १२०७ मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हे, हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी) यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं त्याला देणग्या दिल्या. आता 'मठ' म्हटलं की आपल्यासमोर महाराज आणि पादुका येतात. पण अमरकोशात मठ या शब्दाचा अर्थ छात्र वगैरेंचं राहण्याचं घर असाच दिलाय. छात्रांचं घर, म्हणजेच छात्रालय!

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला सगळ्यात आवडतो तो तोच. संस्कृतात घराण्याची थोरवी, पंडितांची वंशावळ वगैरे सांगून झाल्यावर मजकूर एकदम बाजारात उतरतो. गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. हे सगळं मठाला. ग्रहगणित शिकवणारी शाळा चालवायची तर तेल्याच्या घाण्यापर्यंत जावं लागतं, हे लेख कोरणाऱ्याला पक्कं माहीत होतं. ते तेल दिव्यात जळलं की फोडणीत पडलं ते लेख सांगत नाही, दोन्हीकडे लागत असणारच. तेल्यानं पळीभर तेल दिलं, पण तेल्याचा मुलगा त्या मठात बसून लीलावती शिकू शकत होता का? त्या काळाकडे बघता याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. देणाऱ्यांत सगळं गाव होतं. घेणाऱ्यांत नव्हतं.

हा हिशोब उलटा करायचा प्रयत्न सातशे वर्षांनी कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सगळ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह काढलं. नियमानं सगळ्यांना खुलं, पण कारभार ज्यांच्या हातात होता त्यांच्याच जातीची मुलं तिथे भरली आणि बाकीच्यांना काही जागा मिळाली नाही. महाराजांनी यातून घेतलेला धडा फार व्यवहारी होता. दारावर 'सर्वांसाठी' लिहून भागत नाही, चूल कोणाच्या ताब्यात आहे ते बघावं लागतं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९२२ मध्ये महाराज वारले तोवर कोल्हापुरात अशी वीसेक बोर्डिंगं उभी राहिली होती. नाशिकच्या उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिलाही १९२० साली त्यांच्याच हस्ते बसली. उत्तर महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जुळतो तो असा.

जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांवर तेव्हाही टीका झाली आणि अधूनमधून आजही होते. 'जाती मोडायच्या तर जातीच्या नावानं पाट्या कशाला?' प्रश्न चुकीचा नाही. पण तेव्हाची अडचण बघा. एका पंगतीला बसायला पालकच तयार नव्हते. एकत्र पंगतीचा हट्ट धरला असता तर पंगतच बसली नसती. वेगळ्या चुली मांडल्या म्हणून निदान पोरं शहरात राहू लागली, परीक्षा पास होऊ लागली. पंगत एक करायचं काम पुढच्यांवर पडलं.

ते काम करणारा माणूस याच बोर्डिंगांतून निघाला, ही मोठी गंमत आहे. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला हजर राहून ते परतले, आंघोळ करून 'शुद्ध' व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढे १९१९ साली काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, एकत्र राबायची, स्वतः स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या बोर्डिंगचं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपण 'त्याग' म्हणून ही गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. पण ते मंगळसूत्र इमारतीसाठी किंवा पुस्तकांसाठी नाही, मुलांच्या जेवणासाठी गेलं. पुन्हा चूलच!

आता परत आपल्या खान्देशात येऊ. साताऱ्यात भाऊरावांचं बोर्डिंग सुरू झालं त्याच १९२४ साली अमळनेरच्या हायस्कुलात एक नवे मास्तर आले. वय पंचवीसच्या आत, तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करून तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेले आणि बोलायला अतिशय लाजाळू. पांडुरंग सदाशिव साने. ते मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण त्यांचं 'साने गुरुजी' होणं घडलं ते अमळनेरला, आणि तेही वर्गापेक्षा छात्रालयात जास्त. शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी गृहपती या शब्दाचा अर्थच बदलून टाकला.

गृहपती म्हणजे हातात छडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गुरुजींनी काय केलं? मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायच्या, अस्ताव्यस्त अंथरुणं घडी घालून ठेवायची, मळके कपडे धुऊन टाकायचे. कोणी आजारी पडलं तर उशाशी बसायचं. न रागावता. चार दिवस हे बघून पोरांनाच लाज वाटायची आणि ती आपापली खोली आवरू लागायची. आणि रात्री सगळे झोपले की गुरुजी लिहायला बसायचे. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत. बातम्या, थोरांची चरित्रं, कविता, छात्रालयातल्या घडामोडी, सगळं एकहाती आणि सकाळी वाचायला तयार. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिकही सुरू केलं. आपण आठवड्याला एक लेख लिहून दमतो, हा माणूस दिवसभर शिकवून रोज रात्री वर्तमानपत्र लिहीत होता!

हे वेड कुठून आलं असेल? मला वाटतं, भुकेतून. गुरुजींचं स्वतःचं शिक्षण अर्धपोटी झालं होतं. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असं कळलं म्हणून ते तिकडे गेले, तिथे हाल काढले, नंतर पुण्यातही तेच. 'श्याम' आणि 'धडपडणारा श्याम' वाचलेल्यांना ते ठाऊक आहेच. परक्या गावात भुकेलं पोरगं रात्री कसं झोपतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आणि त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. बोर्डिंगातल्या पोराचं पोट भरलं तरी त्याची आई काही बोर्डिंगात येत नाही. ती जागा मोकळीच राहते. खोली झाडणं, कपडे धुणं, रात्री जागून काहीतरी लिहून ठेवणं, हे सगळं त्या मोकळ्या जागेसाठी होतं. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्या पुस्तकाची मांडणी आठवा. रात्रीची प्रार्थना झाल्यावर आश्रमातली मंडळी गोळा होतात आणि श्याम आईच्या गोष्टी सांगतो. ते पुस्तक आपण आईचं म्हणून वाचतो. मला त्यात घरापासून लांब राहणारी, रात्री गोष्ट ऐकायला गोळा झालेली मुलंही दिसतात. छात्रालयाशिवाय त्या पुस्तकाला तो घाट मिळाला असता असं मला वाटत नाही.

अर्थात प्रत्येक बोर्डिंगला साने गुरुजी मिळत नाहीत. साधारण बोर्डिंग कसं असायचं? पहाटेची घंटा, विहिरीचं गार पाणी, प्रार्थना, कंदिलाभोवती बसून घोकणं. ज्याचं त्यानं पितळी ताट-वाटी आणायची आणि ज्याची त्यानं घासायची. भाकरी मोजून आणि डाळीला तळ शोधावा लागे. खान्देशातल्या पोराला कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार असली की जग जिंकल्यासारखं वाटतं, पण ती तेलाची धारच नेमकी बोर्डिंगात नसायची. घरून आलेले लाडू-शेव-बिबडे ट्रंकेत कुलूपबंद. ते कुलूप ही त्या पोराची एकमेव खासगी मालमत्ता. दांडग्या पोरांचा मार असायचा, पळून जाणारी पोरं असायची. जामनेरची तावडी, अमळनेरची अहिराणी, दोन्ही बोलींना हसणारे भेटायचे आणि वर्षभरात पोरगं 'शुद्ध' बोलायला शिकायचं. दिवाळीला घरी आल्यावर आईशी बोलताना ते जरा अडखळायचं. शिक्षणाची किंमत फक्त पैशात नव्हती, ती अशीही होती.

आणि हे सगळं पोरांचं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, कर्व्यांचा बालिकाश्रम १८९६ चा, पण ती मुंबई-पुण्याची गोष्ट. गावाकडच्या मुलीचं शिक्षण गावातली शाळा संपेल तिथे संपायचं. तिचा भाऊ बोर्डिंगात गेला की त्याच्यासाठी बिबडे लाटायला मात्र तीच असायची. पाटणच्या तेल्यासारखीच, देणाऱ्यांत होती, घेणाऱ्यांत नव्हती.

पुढे गावोगावी हायस्कुलं झाली, एसटी आली आणि बोर्डिंगचं एक नवं रूप निघालं. चार पोरांनी तालुक्याला खोली घ्यायची आणि जेवणाचा डबा रोज गावाकडून एसटीनं यायचा. सकाळच्या गाडीत कंडक्टरशेजारी डब्यांची रांग, प्रत्येकावर खुणेची चिंधी किंवा रंगानं लिहिलेलं नाव. गाडी चुकली तर उपास. कोणाही समाजसुधारकाचं नाव नसलेली ही योजना आयांनी आणि एसटीच्या कंडक्टरांनी मिळून कितीतरी वर्षं चालवली.

'आता हे प्रश्न संपले' असं कोणाला वाटत असेल तर २०१८ सालची एक गोष्ट सांगतो. राज्याच्या आदिवासी विकास विभागानं ठरवलं, की वसतिगृहातल्या खानावळी बंद करायच्या आणि जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात थेट जमा करायचे. कागदावर बघितलं तर वाईट काय? ठेकेदाराची कटकट नाही, ज्याला जे हवं ते त्यानं खावं. पण त्या जुलैत वसतिगृहातली आदिवासी मुलं-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. नाशिकच्या अलीकडे, सिन्नर तालुक्यात, पोलिसांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला पैसे नकोत, जेवण द्या. पैसे वेळेवर येत नाहीत, खानावळ शोधत फिरावं लागतं, मुलींनी रात्री बाहेर जेवायला कुठे जायचं?

बातम्यांत ते 'खानावळीसाठी आंदोलन' होतं आणि काही जणांना ते क्षुल्लकही वाटलं. मला ते तसं वाटत नाही. पैसा खात्यात टाकणारा माणूस आपलं काम झालं म्हणून मोकळा होतो. ताट वाढणारा तसा मोकळा होऊ शकत नाही. ताट वाढायचं म्हणजे समोर कोण बसलंय, कोण आज जेवायला आलं नाही, कोणाला ताप आहे, हे बघावं लागतं. शाहू महाराज, लक्ष्मीबाई, साने गुरुजी या तिघांचे मार्ग वेगळे होते, पण तिघांनाही हे बघणं टाळता आलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत पीजे थांबली ती थांबलीच. त्या अडीच फुटी रुळांवरून ट्रंका घेऊन गेलेल्यांतले फार थोडे आता असतील. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोर्डिंगात राहिलेलं, एसटीच्या डब्यावर शिकलेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरात असतं. काका, मामा, आजोबा. त्यांना एकदा विचारा. किती टक्के मिळाले ते नका विचारू, ते ते आपणहून सांगतीलच. जेवायला कोण वाढायचं, शेजारी पंगतीत कोण बसायचं आणि कोण बसू शकत नव्हतं, हे विचारा. आणि जमलं तर मिळालेलं उत्तर लिहून ठेवा.

असो. बराच लांबला लेख. जेवायची वेळ झाली!